बळदाची कडी : एकट्यानं प्रार्थना करायची सवय कशी लावावी

आमच्या आजीच्या माळवदाच्या घरात आतून कडी लागेल अशी खोली एकच होती, बळदाची. अंधारी, बिनखिडकीची. छताच्या भोकातून एक कवडसा खाली यायचा आणि त्यात धूळ फिरत राहायची. ज्वारी, तुरीची डाळ आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला यांचा मिळून एक वास. दिवेलागणीच्या आधी आजी आत जायची, कडी लावायची आणि थोड्या वेळानं सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायची. आम्हा पोरांना खात्री होती की आत गुळाची ढेप लपवलेली आहे. ती आत प्रार्थनेला जायची, हे मला कळलं ती गेल्यावर. तेही आईनं सांगितलं म्हणून. सूप हे नुसतं निमित्त होतं.

ही आठवण निघाली बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायामुळं. प्रार्थना करशील तेव्हा खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याशी बोल, असं येशू तिथं सांगतो. आपण वाचतो 'खोली', पण मूळ ग्रीक शब्द आहे 'तामेइऑन', म्हणजे कोठार, घरातली सगळ्यात आतली, सामानसुमान ठेवायची जागा. लूकच्या 12व्या अध्यायात कावळ्यांना कोठार नसतं असं येशू म्हणतो, तिथंही हाच शब्द आहे. मराठवाड्यातल्या जुन्या घरात वाढलेल्या माणसाला याचं भाषांतर करून सांगायची गरज नाही. बळदात जा, कडी लाव. आजीला ग्रीक येत नव्हतं.

मी मात्र बरीच वर्षं उलटं केलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी 'चांगली प्रार्थना करणारी' म्हणून ओळखली जायची. घरसभा असो, साखरपुडा असो, कुणाचा नवा ट्रॅक्टर असो, "मॅडम, तुम्हीच करा" ठरलेलं. एका घरसभेत मी इतकी लांबले की यजमानांच्या पाच वर्षांच्या नातवानं मध्येच खणखणीत "आमेन" म्हणून टाकलं. सगळे हसले, मीही हसले. घरी येताना लक्षात आलं, त्या आठवड्यात मी चार ठिकाणी प्रार्थना केली होती आणि एकटीनं एकदाही नाही. पुढं जे लिहिते आहे ते त्यानंतर धडपडत शिकलेलं आहे.

आधी येशू नेमकं काय म्हणाला ते बघा

सभास्थानात आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना येशू ढोंगी म्हणतो. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द मुळात नाटकातल्या नटाचा. यहुदी लोकांच्या प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या असत. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहरी, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला, प्रार्थनेसाठी मंदिरात जातात. वेळ झाली आणि आपण नेमके भर चौकात 'सापडलो', असं जमवून आणणं कुणालाही सोपं होतं. चौकात उभं राहणं हा गुन्हा नव्हता. 'लोकांनी पाहावं म्हणून' हे त्या वचनातले खरे शब्द.

पुढं येशू म्हणतो, त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळालेलं आहे. इथला ग्रीक शब्द त्या काळी व्यवहारातल्या पावत्यांवर लिहीत. आपण लिहितो ना, 'रक्कम भरून पावली', तसाच. घरसभेनंतर चहा पिताना "काय सुंदर प्रार्थना केली हो!" असं कुणी म्हटलं की माझी पावती फाटायची. आणखी येणं काहीच उरायचं नाही.

याच अध्यायात दानधर्म आणि उपास यांनाही हाच नियम लावला आहे. दान देताना पुढं कर्णा वाजवू नको, उपास असेल तर डोक्याला तेल लाव आणि तोंड धू. तिन्ही एकत्र वाचले की प्रार्थनेचं वचन सुटं वाटत नाही.

एक बारीक गोष्ट. काही जुन्या भाषांतरांत सहाव्या वचनाच्या शेवटी, पिता तुला 'उघडपणे' फळ देईल, असं येतं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो शब्द नाही. मला हे कळलं तेव्हा जरा धक्का बसला, कारण मी त्या एका शब्दावर बरीच भिस्त ठेवून होते. गुपचूप प्रार्थना करायची आणि मग सगळ्या मंडळीसमोर आपलं भलं होईल याची वाट बघायची, म्हणजे पुन्हा चौकच झाला.

पायरी पहिली : दार शोधा

सगळ्यात जास्त अडतं ते इथंच. पत्र्याच्या दोन खोल्या, सहा माणसं, एक टीव्ही. आता बळदंही राहिली नाहीत, धान्य पत्र्याच्या कोठीत असतं. कुठं जायचं?

येशूलाही स्वतःचं घर नव्हतं. मार्क लिहितो की तो पहाटे, चांगला अंधार असताना उठून बाहेर, ओसाड जागी गेला. लूक लिहितो की जैतुनांच्या डोंगरावर तो शिष्यांपासून दगड फेकला तर पडेल इतक्या अंतरावर गेला. हे माप मला फार उपयोगी वाटतं. शेतात असाल तर बांधावरून दगड भिरकावा आणि तो पडेल तिथं जाऊन बसा. दार म्हणजे लाकडी फळीच पाहिजे असं नाही, अंतरही चालतं.

पेत्र प्रार्थनेसाठी भर दुपारी घराच्या धाब्यावर गेला होता. आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपारी बाराला स्लॅबवर जाऊन बसायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. पण उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं, तेव्हा खालचं घर रिकामं असतं. पहाटे जिना उतरून खाली या. उरलेलं वर्षभर उलटं करा, घर खाली झोपलेलं असताना तुम्ही वर जा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. कोपीला, म्हणजे त्यांच्या झोपडीला, दार नसतंच, साडीचा नाहीतर पोत्याचा पडदा असतो, आणि शेजारची कोपी हाताच्या अंतरावर. बीड जिल्ह्यातली एक बाई मला म्हणाली, "मॅडम, म्या फडातच करते. तोंड उसाकडं अन् पाठ लोकाकडं. हात मोळी बांधत्यात." तिला याहून जास्त काही शिकवण्यासारखं माझ्याकडं नव्हतं.

आणि पदर आहेच. मेथॉडिस्ट पंथाचा पाया घालणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझॅना, 19 बाळंतपणं झालेली. ती एप्रन डोक्यावर ओढून घेई आणि पोरांना कळे की आता आईला हाक मारायची नाही, अशी गोष्ट मेथॉडिस्ट मंडळ्यांत सांगतात. आपल्या बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतातच, तो चार बोटं आणखी पुढं ओढायचा. पुरुषांना ही सोय नाही. त्यांनी टॉवेल वापरावा.

जालन्याजवळ बेथेल आहे. 19व्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ते वसवलं. 'बेथेल' म्हणजे देवाचं घर. उत्पत्तीच्या 28व्या अध्यायात याकोबानं हे नाव जिथं दिलं तिथं घर नव्हतं, दार नव्हतं. घरातून पळालेला एकटा माणूस, उशाला धोंडा, आणि रात्र. जागा नाही म्हणून प्रार्थना होत नाही असं माझं मन म्हणायला लागलं की मी त्याला तो धोंडा दाखवते.

पायरी दुसरी : वेळ खुंटीला अडकवा

'रोज पहाटे चारला एक तास' असा संकल्प करू नका. आठव्या दिवशी मोडतो, मग अपराधी वाटतं, आणि महिनाभर काहीच होत नाही. त्याऐवजी रोज होणाऱ्या एखाद्या कामाला प्रार्थना बांधून टाका. धार काढून झाल्यावर, चूल किंवा गॅस पेटवायच्या आधी, दुकानाचं शटर वर करण्यापूर्वी, किंवा शेवटची एसटी गेल्यावर स्टँडवरच्या बाकड्यावर. काम रोज आठवतं, त्याच्या शेपटीला प्रार्थनाही आठवते.

सुरुवात दहा मिनिटांची. मला स्वतःला पहिले दोन महिने दहाची अकरा करता आली नाहीत.

पायरी तिसरी : मोबाइल बाहेर

बायबल मोबाइलमध्ये असलं तरी. छापील नसेल तर एक वचन आदल्या रात्री कागदावर उतरवून ठेवा. सायलेंटवर ठेवून भागत नाही, मी करून बघितलं आहे.

पायरी चौथी : बोलायचं काय

आत गेल्यावर खरी पंचाईत होते. ऐकायला कुणी नसलं की आपली छान छान वाक्यं लटकी पडतात. "हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, सनातन" इथपर्यंत येऊन मी थांबायचे. ही विशेषणं मी कुणासाठी म्हणते आहे? येशूनं त्याच ठिकाणी सांगितलं आहे की उगाच बडबड करू नका, तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज माहीत आहे.

म्हणून पहिली दोन मिनिटं गप्प बसा. श्वास, बाहेरचा कोंबडा, टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज, ऐकू येईल ते येऊ द्या.

मग तुमच्या घरच्या बोलीत बोला. एक गंमत कधी ध्यानात आली का? आपण पाळकसाहेबांना 'तुम्ही' म्हणतो, सासऱ्यांना 'तुम्ही' म्हणतो, नव्या जावयालाही 'तुम्ही'. देवाला मात्र 'तू'. आईला म्हणतो तसं. इतकी जवळीक भाषेनंच देऊन ठेवली असताना वाक्यं मात्र आपण दरबारातली वापरतो. "बापा, पोराच्या फीचं काय करू?" ही पूर्ण प्रार्थना आहे. "माय गं" म्हणून बसून राहिलात तरी आहे.

शब्दच सुचत नसतील तर येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना घ्या. 'दिदाखे' नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत ती दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. घाईत म्हटली तर अर्ध्या मिनिटात संपते. ती दहा मिनिटांत म्हणायची. एकेक ओळ घ्यायची, तिथं थांबायचं आणि आपल्या दिवसातलं काही तिला जोडायचं.

'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.' आपल्या बायबलात भाकर आहे आणि आपल्या ताटातही. इथं मी घरातल्या पिठाच्या डब्यापासून सुरुवात करते आणि पाऊस न झालेल्या शेतापर्यंत जाते. 'आज' या शब्दावर थांबा. पुढच्या वर्षीच्या सोयाबीनच्या भावाची काळजी त्या शब्दात बसत नाही. ती बाजूला ठेवावी लागते, आणि ते अवघड जातं.

'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.' ग्रीकमध्येही हा शब्द कर्जाचाच आहे. आपल्या भागात कर्ज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, सोसायटीचं, बँकेचं, सावकाराचं. मला कुणी काय देणं लागतं? पैशाचं नव्हे, मानाचं. माझ्या जावेनं 14 वर्षांपूर्वी बारशाला बोलावलं नव्हतं, ते मी अजून वहीत लिहून ठेवल्यासारखं सांभाळलं होतं. या ओळीवर मी कितीतरी दिवस अडकून होते. चारचौघांत म्हणताना ती गाडीखालच्या रुळासारखी सर्रकन निघून जायची.

आणि सगळीकडं 'आमच्या', 'आम्हांस'. दार लावून एकटी बसलेली बाई 'माझ्या पित्या' म्हणत नाही. सगळी वस्ती त्या कडीच्या आत येते.

मोठ्यानं की मनात? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना नुसते ओठ हलवत होती, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे. ओठ हलवावेत असं माझं मत. नुसतं मनात ठेवलं की तिसऱ्या वाक्याला मन बाजाराच्या यादीवर जातं.

पायरी पाचवी : दुसऱ्यांसाठी मागताना

एक छोटी वही करा, शाळेतली चाळीस पानी पुरते. तीत फक्त नावं लिहा, कारणं लिहू नका. वही कुणाच्या हाती लागली तरी कुणाचं घर उघडं पडता कामा नये.

हे कळवळून सांगते आहे. व्हॉट्सॲपवर 'प्रार्थनेसाठी विनंती' म्हणून काय काय फिरतं ते तुम्हीही पाहिलं असेल. कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न, कुणाच्या नवऱ्याचं पिणं, दवाखान्याचा रिपोर्ट फोटोसकट. शेवटी हात जोडल्याचं चित्र असलं तरी ती चुगलीच असते. कुणी विश्वासानं काही सांगितलं तर ते तुम्ही बळदात घेऊन जायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. टाकावंच वाटलं तर आधी त्या माणसाला विचारा.

पायरी सहावी : आठवडाभर गप्प राहा

ही परीक्षा सगळ्यांत कठीण. सलग सात दिवस प्रार्थना करा आणि कुणालाही सांगू नका. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, सभेत आपल्या अनुभवाची साक्ष देताना नाही. "आज पहाटे प्रार्थनेत असताना मला..." असं वाक्य जिभेवर येईल तेव्हा चहाचा घोट घ्या. माझं तिसऱ्या दिवशी फुटलं होतं. 'सहज' विषय निघाला होता, अर्थात मीच काढला होता. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला घेतलं.

उपासाचंही तसंच. ईस्टरच्या आधीच्या 40 दिवसांच्या उपासकाळात मलूल चेहरा करून फिरू नका. कुणी चहा पुढं केला तर "नको, आत्ताच झालाय" असं खोटंही बोलू नका. "आज नको" एवढं पुरतं.

झोप आली, मन उडालं, कोरडं वाटलं तर

झोप येत असेल तर उभं राहा किंवा अंगणात फेऱ्या मारा. मन उडत असेल तर ते जिथं गेलं त्याचीच प्रार्थना करा. वीजबिलावर गेलं? मग वीजबिलाबद्दल बोला. आणि काही दिवस असे येतील की आत काहीच हलणार नाही, भिंतीशी बोलल्यासारखं वाटेल. त्या दिवशी एक स्तोत्र हळू वाचा आणि उठा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. प्रार्थना गुप्त ठेवा म्हणजे दुःख गुप्त ठेवा असं नाही. घरात मारहाण होत असेल, कर्जापायी जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर बळदातून बाहेर या आणि एका तरी माणसाला सांगा. पापंसुद्धा एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं याकोबाच्या पत्रात आहेच. सांगायला कुणीच नसेल तर 14416 हा मानसिक आधारासाठीचा टेलिमानसचा सरकारी नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

मग चारचौघांत प्रार्थना करायचीच नाही का?

करायची. येशूनं लाजाराच्या कबरेपाशी सगळ्यांसमोर प्रार्थना केली आणि जमलेल्यांसाठी मी हे बोललो असंही पित्याला म्हणाला. पहिली मंडळी एकत्र जमून प्रार्थना करायची. दानिएलाच्या खोलीच्या खिडक्या यरुशलेमेच्या दिशेनं उघड्या होत्या. राजाची मनाई आल्यावरही तो दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला, पूर्वी करायचा तसाच. त्यानं दाखवण्यासाठी खिडकी उघडली नाही आणि भिऊन ती लावलीही नाही.

सभेत तुम्हाला उभं केलं तर तीन-चार वाक्यांत आटपा. 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हणा. देवाला बातम्या देऊ नका ("प्रभू, तुला माहीतच आहे की काल परभणीला जाताना गाडी पंक्चर झाली..."). डोळे मिटून शेजाऱ्याला टोमणा तर अजिबात मारू नका. "प्रभू, उपासनेला उशिरा येणाऱ्यांना सद्बुद्धी दे" अशी प्रार्थना मी ऐकली आहे. उशिरा आलेली मीच होते. आणि जी गोष्ट तुम्ही त्या आठवड्यात एकट्यानं देवाजवळ बोलला नाहीत ती माइकवर पहिल्यांदा बोलू नका. हा नियम लावल्यापासून माझ्या प्रार्थना इतक्या आखूड झाल्या की आता मला फारसं कुणी उभं करत नाही.

घरातली सांजेची प्रार्थना चालू राहू द्या. पोरं तिथूनच शिकतात. फक्त ती झाली म्हणजे आपली एकट्याची झाली असं धरू नका.

राहता राहिला अडथळ्यांचा प्रश्न. कडी लावली की दारावर थाप पडणारच. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर कधी पहाटे येतो, कधी दिवेलागणीला, आणि नेमका मी आत असताना येतो. सुरुवातीला मी चिडायचे, हंडे आपटायचे. आता हॉर्न वाजला की 'थांब, येते' म्हणून उठते, चार हंडे भरते, ओल्या हातानं परत कडी लावते आणि जिथं थांबले होते त्या ओळीपासून पुढं सुरू करते.